सायकल गंजते कुठे? रस्त्यावर नाही, गोठ्यात

मागच्या भागात गिअरबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांचा एकच मेसेज आला. भाऊ, गिअर राहू दे, आमची सायकल सहा महिन्यांत गंजते, त्याचं आधी सांग. तर आज गंज. आणि गंज म्हटलं की सायकल कुठे उभी असते हे बघावंच लागतं. त्यामुळे आजचा अर्धा भाग सायकलीचा आणि अर्धा एका पत्र्याच्या शेडचा आहे. आमच्या शेळगावच्या घरामागचा जुना गोठा, जो आम्ही गेल्या वर्षी उतरवून परत उभा केला.

ज्यांना शेळगाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारामतीहून इंदापूरला निघालात की भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे आणि मग शेळगाव फाटा. पुढं निमगाव केतकी. तुकोबांची पालखी जाते तोच हा रस्ता. काळी माती, ऊस आणि काटे.

आधी रोजची रडगाणी उरकून घेऊ. पहिलं पंक्चर. आमच्याकडे त्याचे मालक दोन. एक वेडी बाभूळ, पडीक रानात आणि चारीच्या कडेनं सगळीकडे. दुसरा सराटा. हा जमिनीलगत पसरतो, पिवळं इवलंसं फूल येतं, दिसायला गरीब. वाळला की त्याच्या फळाचे तुकडे पडतात, आणि तुकडा कसाही पडू द्या, एक काटा आभाळाकडे असतोच. पालखीचा एक मुक्काम आमच्याच तालुक्यात नीरेच्या काठी सराटीला असतो. त्या गावाचं नाव ऐकलं तरी माझ्या टायरला घाम फुटतो. सराट्याचं एवढंच लक्षात ठेवा की काटा काढला म्हणून लगेच निघायचं नाही. टायरच्या आतून कापड फिरवा. कापड जिथे अडेल तिथे दुसरा काटा बसलेला असतो. नवीन ट्यूब टाकून शंभर मीटरवर परत खाली बसलेली पोरं मी खूप बघितली आहेत.

दुसरं चिखल. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे भरत जाते आणि एका क्षणी चाक फिरायचंच थांबतं. मग तुम्ही सायकलवर नसता, सायकल तुमच्यावर असते. तिसरं ऊस. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. पहिली ट्रॉली पुढे गेली की सायकलवाला हुश्श करून परत डांबरावर येतो, आणि दुसरी ट्रॉली तेवढ्यात खांद्याजवळ. ती जाईपर्यंत खालीच थांबा. कुत्र्यांबद्दल आज बोलत नाही, तो विषय भावनिक आहे.

हे सगळं रस्त्यावरचं. पण मी दिवसभर कोड लिहितो, आणि आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते: एरर जिथे दिसतो तिथेच बग असतो असं नाही. सायकलीचंही तसंच आहे. चेन रस्त्यात तुटते, ब्रेक उतारावर जातो, पण बिघाड कित्येक महिने आधी, सायकल नुसती उभी असताना सुरू झालेला असतो.

आता गोठ्याकडे. बाभळीचे खांब, वर पत्रा, खाली माती, एका बाजूला सिमेंटची गव्हाण. गायी मळ्यातल्या नव्या गोठ्यात गेल्या, आणि जुन्या गोठ्यात जे घरात नको ते सगळं येऊन पडलं. ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, खताच्या गोण्या आणि चार सायकली. आजोबांची काळी, दांड्यांच्या ब्रेकची, माझी गिअरची, आणि दोन शाळेच्या.

२०२५ च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा आठवतोय? बारामती-इंदापूरला मृगाची वाट न बघता पाऊस कोसळला, नीरा डावा कालवा बारामतीजवळ पिंपळीला फुटला. आमच्याकडे कालव्याचं पाणी आलं नाही, पण पावसाचंच पाणी गोठ्यात साचलं. खालच्या थरातल्या गोण्या विरघळल्या. युरिया आणि पोटॅश. आणि त्या पाण्यात सायकली दोन दिवस उभ्या होत्या. पाणी ओसरलं, सगळ्यांनी सायकली पुसल्या, चेनला तेल दिलं. बाहेरून चकाचक.

जूनमध्ये शाळा उघडली. चुलत बहीण दहावीत गेलेली. ओढ्याच्या पुलाकडे उतार आहे, समोरून दुधाचा टेम्पो आला, तिनं ब्रेक दाबला आणि उजवी मूठ मोकळी हातात आली. पुढच्या ब्रेकची वायर आतून तुटली होती. ती टेम्पोखाली गेली नाही, कठड्यावर आदळली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि वर्ष दहावीचं. दोन महिने तिच्या वह्या तिच्या मैत्रिणींनी लिहिल्या.

ती वायर मी जपून ठेवली आहे. ब्रेकची वायर म्हणजे एक तार नसते, दीडेक मिलिमीटर जाडीचा बारीक तारांचा पीळ असतो. एकेक तार केसापेक्षा जाड, पण बारीकच. आजोबांच्या सायकलीचा ब्रेकचा दांडा गंजला तर वरून लाल होतो, पण आत लोखंड शिल्लक राहतं. एवढ्या बारीक तारेला वरून आणि आतून असं काही नसतंच. वर प्लास्टिकचं आवरण, त्यामुळे पाणी आत शिरलं की वाळत नाही आणि दिसतही नाही. त्यात पोटॅश. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. समुद्रकिनारी सायकल जशी गंजते तशी आमची समुद्रापासून इतक्या लांब गंजली, कारण समुद्र आम्ही गोणीत भरून शेजारी ठेवला होता. आणि पूर आलाच पाहिजे असं नाही. खत हवेतला ओलावा ओढून घेतं. श्रावणात गोणी हाताला दमट लागते ना? खताची भुकटी शेजारच्या चेनवर बसली की तीही तसाच ओलावा धरते.

गोठ्याचा दुसरा गुन्हेगार मला वाचताना सापडला, आणि हा किस्सा मला फार आवडतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेची हिंदुस्थानात एक तक्रार होती. पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. कुणी हात न लावता. पावसाळ्यात तडकतात म्हणून नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या तबेल्यात. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुताचा अमोनिया. पितळ ताणलेलं असेल, हवा दमट असेल आणि अमोनिया असेल, तर ते कणाकणांच्या सांध्यातून तडकत जातं.

आता सायकलीत पितळ कुठे असतं? आऱ्याच्या टोकाला रिमपाशी जी छोटी निपल असते ती बहुतेक चाकांत पितळेचीच, वरून निकेलचा मुलामा. आणि चोवीस तास ताणलेली. ट्यूबचा व्हॉल्व्हही पितळी. आमच्या एका सायकलीच्या मागच्या चाकाची निपलं वर्षातून दोन-तीनदा तुटायची. माल हलका, असं दुकानदार म्हणायचा. असेलही. पण तीच सायकल गायींच्या सगळ्यात जवळच्या खुंट्याला उभी असायची, आणि आता नव्या शेडमध्ये आल्यापासून एक निपल तुटलेली नाही.

पालखी पुढे गेली आणि आम्ही कामाला लागलो. पहिला वाद जमिनीचा. अण्णांचं म्हणणं, आहे त्याच मातीवर फरशी टाका. पण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी उचलून टाकते. शिवाय वर्षानुवर्षं मुरलेलं मूत खालीच राहणार. दीड फूट माती उकरली. ती फेकायची नसते हां, ती मळ्यात गेली, दोन ट्रॉल्या. अण्णा त्या मातीवरच राजी झाले. खड्ड्यात मुरूम, पाणी मारून चोपला, वर कोबा, आणि कोब्याला दाराकडे उतार.

दुसरा वाद आजीचा. गव्हाण फोडायची आणि तिथे टेबल करायचं, असा माझा प्लॅन होता. आजी दारात उभी राहिली. “तिथं लक्ष्मी जेवलीया. गव्हाणीला हात लावायचा न्हाई.” विषय संपला. गव्हाण राहिली. तिची भोकं बुजवून आतून सिमेंट घोटलं, आणि आता गावातल्या कुठल्याही दुकानापेक्षा आमचं पंक्चरचं टब मोठं आहे. ट्यूब अख्खी पसरून बुडवता येते, बुडबुडा कुठेही असो. शाळा सुटल्यावर चार-पाच पोरं असतातच तिथे. आजी गव्हाणीच्या कडेला बसून देखरेख करते.

पत्र्याचं दोनच गोष्टींत सांगतो. जुन्या पत्र्याला खिळे पन्हळीच्या खोलगट भागात मारले होते. पाणी तिथूनच वाहतं, म्हणून तिथूनच गळतं. बोल्ट नेहमी उंचवट्यावर घ्या, खाली रबरी वायसर. आणि दुसरं, शेड सगळ्या बाजूंनी बंद करू नका. दिवाळीनंतर रात्री पत्रा गार पडतो, आतल्या हवेतलं पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूला धरतं आणि सकाळी सायकलीवर ठिबकतं. पाऊस नसताना गंज येतो तो असा. भिंत आणि पत्रा यांच्यामधे आम्ही एक फूट मोकळा ठेवला आणि त्याला बारीक जाळी लावली, कारण उंदरांना ब्रेकच्या वायरचं आवरण आणि सीटचा फोम दोन्ही आवडतात. खताला वेगळी खोली, फळ्यांवर. जुना पत्रा निम्मा परत वापरला, सगळा खर्च बावीस हजारांच्या आसपास गेला, आणि यात घरच्यांची मजुरी धरलेली नाही.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. कधी गेलात तर जुन्या सायकलींची पितळी घंटी आणि दिवे नीट बघा. त्यातल्या कितीतरी गाड्या तुमच्या-माझ्या आजोबांच्या वयाच्या आहेत. कोरड्या जागेत धातू किती काळ टिकतो ते डोळ्यांनी दिसतं.

उन्हाळ्याबद्दल विचारतात की पत्र्याखाली ट्यूब फुटते का. हिशोब करू. २० अंशांवर ६० पीएसआय हवा भरली आणि शेडमध्ये तापमान ५० झालं, तर दाब साधारण ६८ होतो. एवढ्यानं चांगली ट्यूब फुटत नाही. फुटते ती जुन्या पॅचचं सोल्युशन मऊ पडतं म्हणून, किंवा टायर कडेनं फाटलेला असतो म्हणून. म्हणून मार्चमध्ये हवा कमी करत बसू नका, टायरची कड बघा.

शेवटी वायर. महिन्यातून एकदा ब्रेक पूर्ण दाबा आणि मुठीच्या आत डोकावा. वायरच्या टोकाला एक गोळी असते. तिच्याजवळ एक जरी तार सुटून उभी दिसली तर वायर बदला, वाट बघू नका. खाली ब्रेकच्या दांडीवरचा नट सैल करा, वायर वरून ओढून काढा. आवरणातून लाल पाणी किंवा भुकटी आली तर आवरणही बदला. नव्या वायरला बोटानं ग्रीस लावून आत सरकवा, नट आवळा, मग ब्रेक जीव खाऊन दहा वेळा दाबा. वायर थोडी सरकते, परत आवळा. दीड इंच ठेवून कापा आणि टोकाला टोपी बसवा. टोपी नसेल तर फेविक्विकचा एक थेंब, म्हणजे पीळ उसवत नाही आणि घोट्यालाही टोचत नाही.