पन्नास वाव खोल



आपल्या किनाऱ्यावर खोली मोजायचं जुनं माप म्हणजे वाव. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं भरतं तेवढी एक वाव. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, तळ लागला की वर ओढत हातांनी मोजायची. इंग्रज खलाशांचं मापही हेच. त्यांचा फॅदम म्हणजे सहा फूट. १९५३ मध्ये ब्लांपां या स्विस कंपनीनं पाणबुड्यांसाठी एक घड्याळ काढलं, त्याचं नाव 'फिफ्टी फॅदम्स'. पन्नास वाव. म्हणजे तीनशे फूट, साधारण ९१ मीटर. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसानं याच्या खाली जायचं नाही, अशी तेव्हाची समजूत होती. घड्याळाला त्या सीमेचंच नाव दिलं होतं.

स्वित्झर्लंडला समुद्र नाही. ही घड्याळं ज्या गावांत तयार झाली ती ल लोक्ल, विलरे यांसारखी गावं जुरा डोंगरातली, वर्षातले कित्येक महिने बर्फात असणारी. तिथल्या कारागिरांचं पाण्याशी भांडण होतं ते वेगळ्या कारणासाठी. घड्याळाला पाणी शिरायच्या वाटा तीन: काच, मागचं झाकण आणि चावी. काच घट्ट बसवता येते, झाकणाला आटे पाडता येतात. खरी पंचाईत चावीची. ती रोज फिरवायची असते, वेळ लावायला बाहेर ओढायची असते, आणि तिची काडी थेट मशीनच्या पोटात जाते. जिथे हालचाल आहे तिथे फट आली.

या फटीवर चाललेला उपाय रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फ यांनी १९२६ मध्ये बाजारात आणला. चावीलाच आटे पाडले आणि ती बाटलीच्या बुचासारखी केसवर पिळून बसवायची सोय केली. नाव ठेवलं 'ऑयस्टर', म्हणजे आपलं कालव. ज्यांनी खडकावरची कालवं कोयतीनं फोडली आहेत त्यांना हे नाव किती नेमकं आहे ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. त्याच महिन्यात तिनं खाडी पार केली होती, पण काहींनी शंका घेतली म्हणून ती पुन्हा पोहत होती. थंडीनं गारठून दहा तासांनंतर तिला बाहेर काढावं लागलं. घड्याळ चालू होतं. विल्सडॉर्फ यांनी लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर जाहिरात दिली. घड्याळाचा इतिहास सांगताना लोक जाहिरातीपाशी थांबतात. मला ग्लाइट्झचे ते दहा तास जास्त मोठे वाटतात.

पण पाण्यात टिकणारं घड्याळ आणि पाणबुड्याचं घड्याळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९३२ मध्ये ओमेगानं 'मरीन' काढलं. एका केसमध्ये दुसरी केस सरकवून बसवलेलं ते घड्याळ होतं. १९३६ मध्ये ते जिनिव्हाच्या सरोवरात ७३ मीटर खाली नेऊन तपासलं. उत्तम काम. तरी पाण्याखालच्या माणसाचा प्रश्न त्यानं सुटत नव्हता, कारण तो प्रश्नच तोवर नीट उभा राहिला नव्हता. तो उभा केला १९४३ मध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी. त्यांच्या अ‍ॅक्वालंगमुळे माणूस दोर-नळीशिवाय, स्वतःची हवा स्वतःच्या पाठीवर घेऊन, माशासारखा मोकळा झाला. त्याचबरोबर वरून कुणी वेळ सांगणारंही उरलं नाही.

हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर टाकीतली हवा वरच्यापेक्षा दुप्पट वेगानं संपते, वीस मीटरवर तिप्पट. शिवाय दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळत राहतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की फसफसून बुडबुडे येतात, कारण दाब एकदम सुटतो. खोलवरून घाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात हेच होतं. सांधे धरतात, पक्षाघात होतो, माणूस दगावतो. तेव्हा किती खोल गेलो आणि किती मिनिटं राहिलो, या दोन आकड्यांवर वर यायचं वेळापत्रक ठरतं. त्यातला एक आकडा मनगटावर असतो. तो चुकला की माणूस चुकला.

ब्लांपांचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर १९५० मध्ये कामाला लागले. कंपनी त्यांच्या आत्याची होती. ते स्वतः हौशी पाणबुडे. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा त्यांना वेळेचं भान राहिलं नाही, हवा संपली आणि त्यांना तसंच वर यावं लागलं. ते वाचले. कारखान्यात परतल्यावर त्यांनी काय हवं ते ठरवलं, ते एखाद्या सजावटकारानं ठरवलं नव्हतं, गुदमरलेल्या माणसानं ठरवलं होतं. काचेभोवती फिरती कड हवी. उतरताना तिची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग काटा कडेवरच्या ज्या आकड्यावर असेल तेवढी मिनिटं झाली. वजाबाकी नको, कारण खोलवर डोकं जड होतं. कड धक्क्यानं सरकू नये म्हणून ती दाबल्याशिवाय फिरणार नाही अशी केली. चावीला दुहेरी वॉशर. मशीन आपोआप चावी भरणारं, म्हणजे चावी रोज उघडायला नको आणि वॉशर झिजायला नकोत. काळी तबकडी, तिच्यावर अंधारात चमकणाऱ्या ठसठशीत खुणा.

याच सुमारास फ्रेंच नौदलाची लढाऊ पाणबुड्यांची नवी तुकडी उभी राहत होती. कॅप्टन रोबेर मालुबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो यांना तिच्यासाठी असंच घड्याळ हवं होतं. त्यांची मागणी आणि फिश्टर यांचं काम एकमेकांना भेटलं. कुस्तो यांच्या ज्या समुद्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्यात पाणबुड्यांच्या मनगटांवर हेच घड्याळ दिसतं.

रोलेक्सचं 'सबमरिनर' त्याच काळातलं. १९५४ मध्ये बाझलच्या जत्रेत लोकांनी ते पाहिलं. झोडियाकचं 'सी वुल्फ' तेव्हाचंच, ओमेगाचं 'सीमास्टर ३००' १९५७चं. पहिलं कोण, यावर संग्राहक हमरीतुमरीवर येतात. मला त्यात रस नाही. एकाच गरजेनं चार-पाच कारखान्यांत एकाच वेळी दार ठोठावलं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्त' या यानातून प्रशांत महासागराच्या सर्वात खोल गर्तेत, सुमारे १०,९०० मीटरवर, उतरले तेव्हा यानाच्या बाहेर बांधलेलं एक रोलेक्स चालू स्थितीत वर आलं. तो विक्रम खरा, पण ते घड्याळ कुणाच्या मनगटासाठी नव्हतं.

मनगटासाठीचं घड्याळ मला अधिक प्रिय आहे. १९६७ मध्ये डोक्सानं 'सब ३००' काढलं, नारिंगी तबकडीचं. पाण्यात वाचायला ती सोपी जावी म्हणून रंग न्यूशातेलच्या सरोवरात उतरून पारखले होते. तिच्या कडेवर एक जादा पट्टी आहे: अमुक खोलीला अमुक मिनिटं राहिलात तर मध्ये न थांबता सरळ वर येता येईल. डॉक्टरची चिठ्ठीच कडेवर कोरल्यासारखी.

आता संग्रहाकडे येतो, आणि तिथे आधी एका शब्दाकडे. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणतात. रिक्षाच्या मागे नावं चिकटवून देणाऱ्याच्या पाटीवरही 'रेडियम' असतं. त्या चिकटपट्टीत रेडियम नावालाही नाही. जुन्या घड्याळांत मात्र खरोखरचं होतं. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, म्हणून पन्नासच्या दशकातलं घड्याळ आज चमकत नसलं तरी किरणोत्सर्ग करतंच. विझला आहे तो रेडियमबरोबर मिसळलेला, चमकणारा पदार्थ. त्या खुणांचा रंग खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, घरी झाकण उघडू नका. हे मी कळकळीनं सांगतो, कारण हौसेनं उघडणारे मी पाहिले आहेत. साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमनं घेतली. ते १२.३ वर्षांत निम्मं होतं. १९६६च्या घड्याळात आज जेमतेम तिसावा हिस्सा उरला असेल. तबकडीच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर दिसलं की ट्रिटियम समजा.

चमक गेली, पण त्या खुणांचा रंग पांढऱ्यापासून साईसारखा आणि पुढे भोपळ्यासारखा होत गेला. काळ्या तबकड्या काही ठिकाणी उन्हानं आणि दमटपणानं तपकिरी झाल्या. कडेवरची अ‍ॅल्युमिनियमची काळी पट्टी राखाडी झाली. हे सगळे मुळात दोष. कंपन्या सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाची अशी तबकडी काढून नवी बसवून देत, आणि मालक खूश होऊन जाई. आज त्याच तपकिरी तबकडीसाठी संग्राहक कित्येक पट मोजतो. केवळ विरळ म्हणून नव्हे. सारख्या हजार घड्याळांतलं हे एकच असं पिकलेलं असतं, आणि ते पिकणं कारखान्यात करता येत नाही. करायचा प्रयत्न होतो, भट्टीत भाजून. भिंगाखाली ते बहुधा कळतं: भाजलेला रंग सगळीकडे सारखा असतो, उन्हाचा कधीच नसतो.

माझं पहिलं असं घड्याळ माझ्या मामांचं. मामा रत्नागिरीकडचे, बोटीवर होते. १९६६ साली एडनच्या बंदरात त्यांनी फावर-ल्यूबाचं 'डीप ब्लू' घेतलं. फावर-ल्यूबा म्हणजे १७३७ पासूनचं ल लोक्लचं घराणं; मुंबईशी त्यांचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. आपल्याकडच्या लग्नांत जावयाच्या मनगटावर चढलेली 'सी चीफ' आणि 'सी किंग' त्यांचीच. त्या दोघांच्या नावातच काय तो समुद्र. 'डीप ब्लू' मात्र पाण्यात उतरण्यासाठी केलेलं. १९६८ मध्ये याच कंपनीनं 'बॅथी' काढलं. त्याच्या आत पाण्याच्या दाबानं दबणारा पडदा होता, आणि तबकडीवरचा काटा खोली दाखवायचा. वेळ आणि खोली, दोन्ही आकडे एकाच मनगटावर. मामा जन्मात कधी बुडी मारायला गेले नाहीत. पण इंजिनखोलीच्या वाफेत, तेलात, खाऱ्या हवेत ते घड्याळ बावीस वर्षं चाललं.

ते माझ्याकडे आलं तेव्हा बंद होतं. मी एका घड्याळजींकडे दिलं आणि म्हणालो, "अगदी नवं करून द्या." त्यांनी तसं करून दिलं. तबकडी खरवडून पुन्हा रंगवली, खुणांवर हिरवट चमकणारा रंग भरला, केस बफवर धरून आरशासारखी केली. मी आनंदानं पैसे दिले आणि घड्याळ मामांना दाखवायला नेलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "माझं कुठाय?"

त्या घड्याळजींना मी कधीच दोष दिला नाही. परदेशी संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि नाक मुरडतात. नव्याचा मुलामा देऊन मूळ म्हणून जे विकतात त्यांच्याबद्दल तो राग योग्यच आहे. पण त्यामागची गोष्ट त्यांना ठाऊक नसते. आयातीवर कडक निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, एक घड्याळ तीन पिढ्यांनी वापरायचं असे. गल्लीतल्या खोक्यात बसून, डोळ्याला भिंग लावून, एका घड्याळाचा बॅलन्स दुसऱ्यात बसवणाऱ्या माणसांनी हजारो स्विस घड्याळं जिवंत ठेवली. जिनिव्हाच्या लिलावात ज्याला भेसळ म्हणतात, ती इथली दुरुस्ती होती. चूक माझी होती. मागणी मी केली होती.

तेव्हापासून मी घड्याळ पारखताना आधी पाहतो ते पट्टा अडकवायच्या शिंगांकडे. मूळ केसची कड बोटाला धारदार लागते. बफवर धरलेली साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. ती धार परत येत नाही. मग तबकडीवरची अक्षरं: कारखान्यातल्या छपाईत अक्षराचे पाय ताठ असतात, हातानं केलेल्यात फुगतात. फिफ्टी फॅदम्सच्या जुन्या कडांत बेकेलाइट असे आणि ते तडकत असे. न तडकलेलं बेकेलाइट दिसलं की मी आधी साशंक होतो, नंतर खूश. आणि घड्याळ कितीही मीटरचं असो, जुनं घड्याळ पाण्यात नेत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या वॉशरवर कुणी विश्वास टाकू नये.

शेवटी मी झाकणाकडे येतो. घड्याळजी काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण कोरून ठेवतो: तारीख, स्वतःची अक्षरं, कधी नुसता आकडा. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. ती पुढच्या घड्याळजीसाठी असते. मामांच्या घड्याळाची तबकडी आता मूळची नाही, केसची धारही गेली. पण झाकणाच्या आत कुणी बफ लावला नव्हता. तिथे चार खुणा आहेत. एक इंग्रजीत, दोन देवनागरीत, एक अशा लिपीत की जी मला वाचता येत नाही. बहुतेक मामांची बोट लागली त्या एखाद्या बंदरातली असावी. सर्वात अलीकडची माझ्या घड्याळजींची, महिना आणि साल.

आजच सकाळी एका ओळखीच्या कारागिरांकडून मी ते झाकण उघडून घेतलं आहे. इथे टेबलावर काचेखाली ठेवलंय, शेजारी भिंग आहे. व्याख्यानानंतर एकेक करून या आणि पाहा. ती लिपी तुमच्यापैकी कुणाला वाचता आली, तर मला सांगितल्याशिवाय जाऊ नका.