यादीतून नाव गेल्यावर



आपल्यातले बरेच जण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून अमेरिकन बेसबॉलमधला एक नियम सांगतो. संघाला नकोसा झालेला खेळाडू मुख्य यादीतून काढून ‘वेव्हर’वर ठेवतात. ठरावीक मुदतीत दुसरा संघ त्याला मागू शकतो. पण मग त्याचा जुना करार, पगारासकट, त्या संघाच्या गळ्यात पडतो. त्यामुळे महागड्या ज्येष्ठ खेळाडूला सहसा कोणी हात लावत नाही.

मे २०२१ मध्ये एंजल्स संघानं अल्बर्ट पुहोल्सला असंच काढलं. वय ४१, होमरन ६६७, त्या वर्षीचा पगार तीन कोटी डॉलर. कोणीच मागितलं नाही. पण मुदत संपताच तो मोकळा झाला. उरलेल्या पगाराचा बोजा एंजल्सवरच राहिला आणि डॉजर्सनं त्याला किमान वेतनावर घेतलं. २०२२ मध्ये तो आपल्या पहिल्या संघात, सेंट लुईस कार्डिनल्समध्ये परतला आणि ७०३ होमरनवर थांबला.

नकोशी झाली होती ती त्याची किंमत. खेळ शिल्लक होता. मित्रहो, जुन्या हुद्द्याच्या भावानं आपल्यालाही आता कोणी मागणार नाही. तो हुद्दा खाली ठेवू. या गुरुजनांनी हाताला लावलेलं वळण अजून आपल्यापाशी आहे.