चार ओव्यांपलीकडचे पुराण

पेडणे तालुक्यातील केरी येथे भरलेल्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून जे सांगायचे ते एकदाच सांगता येते, पुढच्या वेळी या खुर्चीवर दुसरी व्यक्ती बसलेली असते; म्हणून मराठी साहित्यव्यवहारात आजवर दबक्या आवाजात बोलली गेलेली एक तक्रार येथे उघडपणे मांडणे हे अध्यक्षांचे पहिले कर्तव्य ठरते. ती तक्रार अशी, की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा मराठी साहित्याने सन्मान केलेला नाही, त्याचा केवळ वापर केला आहे. १०,९६२ ओव्यांच्या या ग्रंथातून, पहिल्या अवस्वरूत म्हणजे पहिल्या अध्यायात, मराठीची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्या तेवढ्या उचलायच्या, त्या पाठ्यपुस्तकांत, निमंत्रणपत्रिकांत आणि भाषणांत मिरवायच्या, आणि उरलेला सगळा ग्रंथ जणू त्या चार ओव्यांचे वेष्टन होता अशा रीतीने बाजूला ठेवायचा, हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही अन्याय आहे हेही आता कोणाला जाणवत नाही.

अन्याय आहे, आणि तो मोठा आहे. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला, रोममध्ये येशूसंघात दाखल झालेला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याच्या किनाऱ्याला लागलेला हा माणूस चाळीस वर्षे साष्टीच्या परिसरात राहिला, तो मराठीला प्रशस्तिपत्र देण्यासाठी नव्हे. देवाचा शब्द कसा ऐकावा आणि संकटात त्या शब्दाला कसे धरून राहावे, हे येथल्या माणसांना त्यांच्या कानाला सवयीच्या छंदात सांगण्यासाठी त्याने ओवी हाती घेतली. भाषेचे कौतुक हा त्या घराचा उंबरा आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत बहुतेक विद्वान उंबऱ्यावरच उभे राहून घराचे वर्णन करून परत गेले आहेत. गोव्यातील कोकणी-मराठी भाषावादात तर दोन्ही पक्षांनी या साधुपुरुषाचे दोन तुकडे केले. एका पक्षाने १६४० साली छापले गेलेले त्याचे कोकणी व्याकरण घेतले, दुसऱ्याने पुराण घेतले, आणि दोघांनीही त्याचा देव वगळला. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे या मातीत काय काय बोलले गेले हे या मांडवातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याची उजळणी येथे नको. मात्र ज्या मंडळींनी त्या काळात स्टीफन्सचे नाव सर्वांत मोठ्याने घेतले, त्यांपैकी कितीजणांनी ख्रिस्तपुराणाच्या दुसऱ्या भागातील एक तरी अवस्वरू सलग वाचला होता, हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारायलाच हवा होता, आणि तो आज विचारला जात आहे.

ग्रंथाची रचनाच त्याचा हेतू सांगते. त्याचे दोन भाग आहेत: ३६ अवस्वरूंचे पैले पुराण, ज्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा येते, आणि ५९ अवस्वरूंचे दुसरे पुराण, ज्यात ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, दुःखसहन आणि पुनरुत्थान येते. आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीपुढे येतो आणि विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आमच्या कानांना दुसरे काही का देत नाही. या प्रश्नातील वेदना साधी नाही. ज्या समाजात श्रवण ही नवविधा भक्तीतील पहिली पायरी मानली जाते, त्या समाजातील माणसाचे कान रिकामे केले गेले होते, आणि तो दुसरे काहीही न मागता ऐकण्याची सोय मागत होता. स्टीफन्सने त्या मागणीचा मान राखला. १६१६ साली साष्टीतील राशोलच्या छापखान्यात, देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने रोमी लिपीत, हे पुराण छापले गेले. रविवारी आणि सणावारी ते मंडळीपुढे वाचले जाई, आणि कथेच्या ओघात श्रोते मध्येच शंका विचारतात, पाद्री त्यांना उत्तर देतो, अशी त्याची ठेवण आहे. ख्रिस्ती जीवनात देवाचे ऐकणे म्हणजे मान खाली घालून हुकूम झेलणे, असा जो समज बाहेर आणि पुष्कळदा मंडळीच्या आतही पसरला आहे, तो या एका ठेवणीने खोटा ठरतो, कारण येथे प्रश्न विचारणारा हाच खरा ऐकणारा आहे.

स्टीफन्स ज्या परंपरेत घडला तिचा येथे विचार केला पाहिजे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रचलेल्या आणि १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या अध्यात्म-साधनेच्या ग्रंथात मनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत: एक, जीत मनाला देवाची गोडी लागलेली असते आणि श्रद्धा, आशा, प्रीती आपोआप वाढतात, आणि दुसरी, जीत मन कोरडे पडते, प्रार्थना नकोशी होते आणि देव दूर गेला असे वाटते. या दुसऱ्या अवस्थेसाठी इग्नेशियस यांचा नियम स्पष्ट आहे, की मन कोरडे असताना पूर्वी शांत चित्ताने केलेला निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी आणि धीर धरावा. निर्धार म्हणजे हट्ट नव्हे, हे या नियमातून कळते. उजेडात जे ऐकले त्याच्याशी अंधारात प्रामाणिक राहणे एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठी समीक्षकांनी ख्रिस्तपुराणावर ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांचा प्रभाव किती, याची पुष्कळ चर्चा केली आणि ती योग्यच होती. पण ज्या साधनेने त्या कवीचे मन दररोज घासले जात होते, तिची दखल तितक्या आस्थेने घेतली गेली नाही.

येथे एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे. त्याच साष्टीत, १५८३ साली कुंकळ्ळीला पाच येशूसंघी मारले गेले, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकर प्रमुखांना बोलावून घेऊन पोर्तुगीजांनी ठार केले. १५६० ते १८१२ या काळात, मध्ये थोडा खंड वगळता, गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन चालले. संकट हे केवळ ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला आले असे मानणारा इतिहास खोटा आहे, आणि सत्तेच्या आवाजाला देवाचा आवाज समजण्याची चूक मंडळीकडून झाली हेही खरे आहे. देवाचे ऐकण्याचा प्रश्न म्हणूनच इतका गंभीर आहे. तो सुटला नाही तर तलवार बोलू लागते.

याच पोर्तुगीज सत्तेने पुढे स्वतःच्या ख्रिस्ती प्रजेचेही कान बंद करू पाहिले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण मेले नाही, कारण साध्या माणसांनी ते हाताने उतरवून घेतले, आणि गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. १७८४ ते १७९९ या काळात टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला राहिलेल्या मंगळूरकर ख्रिस्ती लोकांना याच ओव्यांनी धीर दिला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले, तेही अशाच जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे, आणि देवनागरीत ते मराठी वाचकाच्या हाती यायला १९५६ साल उजाडावे लागले. पुरस्कार देणाऱ्या समित्या आणि अनुदान देणारी खाती यांच्याविना तीन शतके जगलेल्या या ग्रंथाच्या वाचकांना मराठी साहित्याच्या इतिहासात एका परिच्छेदाचीही जागा मिळू नये, याची खंत अध्यक्षांना गेली कित्येक वर्षे आहे आणि ती या भाषणाने संपणारी नाही.

पवित्र शास्त्रातील ज्या प्रसंगांत ऐकणे आणि टिकणे एकत्र येतात, ते वाङ्मय म्हणूनही वाचण्यासारखे आहेत. शमुवेल या बालकाला रात्री हाक येते आणि ती आपल्या वृद्ध गुरूची, एलीची, आहे असे समजून तो तीनदा धावत जातो. अखेर एलीच त्याला सांगतो की हाक मारणारा दुसरा आहे. ज्याने ऐकायला शिकवले त्याच्याच घराविरुद्धचा कठोर निरोप त्या मुलाला ऐकावा लागतो, आणि एली तो निरोप दडपत नाही, तो मुलाकडून पूर्ण वदवून घेतो. आपल्या संस्थांच्या कार्यकारिणींनी हा अध्याय वर्षातून एकदा वाचावा, म्हणजे न आवडणारे बोलणाऱ्या तरुणांची नावे कार्यक्रमपत्रिकेतून शेवटच्या आठवड्यात गळणार नाहीत. एलिया हा संदेष्टा जिवाच्या भीतीने पळून होरेब डोंगरावरच्या गुहेत बसतो. वादळ, भूकंप आणि अग्नी यांत देव नसतो, त्यानंतरच्या मंद सुरात तो भेटतो, आणि दिलासा देऊन थांबत नाही तर त्याला पुन्हा कामाच्या वाटेला लावतो. आणि गेथशेमाने बागेत खुद्द ख्रिस्त, दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनवणी तीन वेळा करतो, तेव्हा मत्तयाच्या वृत्तांतात त्या विनवणीला आकाशातून शब्दांत उत्तर आल्याची नोंद नाही. तरी तो उठतो आणि झोपलेल्या शिष्यांना जागे करून समोर येणाऱ्यांना सामोरा जातो. ख्रिस्ती निर्धाराचे मर्म या अनुत्तरित रात्रीत आहे. ज्याला दर वेळी स्पष्ट आवाज हवा असतो, त्याचा निर्धार पहिल्याच शांततेत मोडतो.

या तालुक्यात वाढलेल्या ख्रिस्ती मुलांची ऐकण्याची शाळा कशी होती, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अध्यक्षांच्या घरी संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोकणीत होत असे. शाळेतले धडे मराठीत होते, आणि शेजारच्या मांडवातले कीर्तन रात्री उशिरापर्यंत ऐकू येई. घरातला कर्ता पुरुष तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, आणि त्याचे पत्र महिनेमहिने येत नसे. अक्षरओळख नसलेली आजी तेर्स संपल्यावर मुलांना लगेच उठू देत नसे. "ओगी राव" एवढेच ती म्हणे, आणि मागण्या करून झालेल्या माणसाने थोडा वेळ गप्प बसलेच पाहिजे हा तिचा नियम तापाच्या दिवसांतही मोडत नसे. त्या बसण्यातून पत्र लवकर आले असे कधी झाले नाही. पण ती बाई कोणाच्या दारात हात पसरायला गेली नाही, आणि शेत तिने पडीक टाकले नाही. पुढे इग्नेशियस यांचा नियम पुस्तकात वाचताना अध्यक्षांना तो नवा वाटला नाही, याचे कारण ते घर होते. पेडणे हा मुलूख नव्या काबिजादीतला. तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला, तोवर सावंतवाडीकरांचा होता, आणि येथे मराठी पोथी आणि ख्रिस्ती प्रार्थना शेजारी राहिल्या. पलीकडे बांद्याला सोहिरोबानाथ आंबिये यांनी आतली हाक ऐकून कुळकर्णीपणाची चाकरी सोडली, ही कथा येथल्या ख्रिस्ती मुलांनीही ऐकलेली असे, आणि ती परकी वाटत नसे.

मराठी मुलखातील उदाहरणे याहून ठसठशीत आहेत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे कोसळले ते स्मृतिचित्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पतीने ऐकलेली हाक ही आपली हाक नव्हे, हे त्या बाईंनी किती ठामपणे ओळखले, याकडे कौतुक करणाऱ्यांचे लक्ष जात नाही. ताटातूट, पंढरपूरचे दिवस, सोवळेओवळे, हे सगळे सोसून, स्वतःला पटल्यावरच त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम त्यांनी सोडले नाही, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचा देह पडला तो ते हातावेगळे करूनच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा एका पाद्रीला हे पद कसे, असा ओरडा झाला. सुबोध बायबल लिहिणाऱ्या आणि वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेल्या त्या माणसाने जानेवारी २०२० मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही येऊन आपले भाषण केले. त्या वेळी जे उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले त्यांचे ऋण मोठे आहे. जे गप्प बसले आणि आज त्यांच्या स्मृतिसभांत पुढच्या रांगेत दिसतात, त्यांना आपले मौन आठवत असेल अशी आशा आहे.

केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला लागतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेथे तिरंगा फडकावला आणि तुरुंग पत्करला. त्या किल्ल्यातील चर्च संत अंतोनीचे आहे. याच संताचे चरित्र येशूसंघी पाद्री आंतोनियो द साल्दान्य यांनी १६५५ साली राशोलहून येथल्या लोकभाषेत प्रसिद्ध केले, आणि एतियेन द ला क्रुआ यांनी त्याआधी पेद्रू संताचे ओवीबद्ध पुराण छापले होते. हे ग्रंथ या तालुक्यातल्या वाचनालयांत मागितल्यावर कोणाच्या हाती पडतात का, याची चौकशी प्रत्येकाने स्वतः करून पाहावी.

म्हणून अध्यक्षांची मागणी मर्यादित आहे आणि तिच्यावर तडजोड नाही. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतच्या, रविवार वगळून मोजल्या जाणाऱ्या चाळीस दिवसांत, पेडणे आणि डिचोली तालुक्यांत दुसऱ्या पुराणाचे जाहीर वाचन व्हावे, रोज थोडे, पारायणाच्या रीतीने, शंका विचारण्याची मुभा ठेवून. आणि भाषास्तुतीच्या ओव्या त्या वाचनात येऊ नयेत, कारण त्या सर्वांना पाठ आहेत. श्रोत्याचा धर्म विचारला जाऊ नये. हे धर्मप्रसाराचे काम आहे असा आक्षेप काहींनी कुजबुजत सुरू केलाच आहे, आणि हे चर्चचे काम आहे, साहित्याचे नव्हे, असा दुसराही आक्षेप आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण ऐकायला बसणाऱ्या ख्रिस्ती माणसाला जो प्रश्न कोणी विचारत नाही, तो ख्रिस्तपुराण ऐकणाऱ्या हिंदूला का विचारावा, याचे उत्तर पहिल्या आक्षेपकांनी द्यावे; आणि दुसऱ्यांनी हे सांगावे की ग्रंथ चर्चचा असेल तर त्यातल्या चार ओव्या इतकी वर्षे साहित्याच्या मांडवात कशा चालल्या. दुपारच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव मांडला जाईल, आणि ज्यांचा त्याला विरोध आहे त्यांनी तो या व्यासपीठावर येऊन, पुराण हातात घेऊन मांडावा.