सुट्टीच्या कार्डावरची साखर

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट झालेल्या पेशंटची साखर २९० निघते आणि ऑपरेशन लांबतं. घरचे म्हणतात, "टेन्शनने वाढली असेल हो!" असेलही. आजाराच्या ताणाने शरीर कॉर्टिसॉल सोडतं, साखर चढते. स्टेरॉइड सुरू असतील तर विचारूच नका. पण ही साखर पाहुणी की घरचीच, हे एका तपासणीत कळतं: एचबीएवनसी, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. दोन दिवसांच्या टेन्शनने ती हलत नाही. ६.५ टक्के किंवा वर आली, तर मधुमेह आधीपासूनच होता, आज सापडला एवढंच. रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी घ्यावा. नाहीतर आकडा फसवतो.

वॉर्डात गोळ्या बहुधा थांबतात आणि इन्सुलिन सुरू होतं. "एकदा सुई लागली की सुटत नाही" हे मी रोज ऐकतो. अनेकांची सुटते. साखर साधारण १४० ते १८०च्या दरम्यान ठेवली, की विचारतात, "शंभरवर का आणत नाही?" २००९ साली नाइस-शुगर नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या सहा हजारांवर रुग्णांपैकी ज्यांची साखर फार आवळून धरली, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. खरी धास्ती साखर ७०च्या खाली जाण्याची. साडेबाराला सुई टोचली आणि डबा आणणारा भाऊ लोकलमध्ये अडकला, की घाम सुटतो, हात थरथरतात. डबा पोचला नसेल तर सिस्टरना आधीच सांगा.

माझं खरं भांडण आहे ते डिस्चार्ज कार्डाशी. "पूर्वीचीच औषधं चालू ठेवा." अहो, त्याच औषधांवर एचबीएवनसी १० झाली होती ना! सुट्टी मिळण्याआधी डॉक्टरांना विचारा: आकडा किती आला, औषध काय बदललं, कशासाठी? इन्सुलिन घरी न्यायचं असेल तर शेवटचे दोन दिवस सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने टोचा. घरी गेल्यावर शिकू म्हणणाऱ्यांची पेनं कपाटातच राहतात. पंधरवड्यातली भेटीची तारीख कार्डावर लिहून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी.

आणि न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलं की टाकूनच द्यावं लागतं.