आधी परतीची वाट

“मी हे दाबलं तर काही बिघडणार नाही ना?” साठीच्या घरातला माणूस पहिल्यांदा संगणकासमोर बसला की हा प्रश्न हमखास विचारतो आणि आपण हसतो. हसू नये. या पिढीनं टाइपरायटरवर एका चुकीपायी अख्खं पान पुन्हा बडवलंय, बँकेच्या स्लिपवर खाडाखोड झाली म्हणून पुन्हा रांगेत उभं राहून पाहिलंय. चूक महागात पडते हे तिला आयुष्यानंच शिकवलंय.

म्हणून माझं म्हणणं असं, की यंत्र सुरू करून दिलंत की पहिला धडा मागे येण्याचा द्या. चार ओळी टाइप करू द्या. त्या पुसायला लावा. मग कंट्रोल धरून झेड दाबायला सांगा. ओळी परत आल्या की खुर्चीतला माणूस सैलावतो. मग ब्राउझरचा मागे नेणारा बाण, मग रिसायकल बिनमधून परत आणलेली फाइल. फॉर्म भरणं, ईमेल पाठवणं सावकाश होऊ द्या. आणि माउस त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. “थांबा, मीच करून देतो” म्हटलं की काम होतं, शिकणं राहतं.

माउसच्या सरावाला पत्ते उत्तम. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला. पान दाबून धरायचं, ओढायचं, सोडायचं. हात खेळता खेळता बसतो. (पुढे कचेऱ्यांमध्ये तो जरा जास्तच बसला, पण ते असो.)

मराठी टंकलेखनासाठी मी इन्स्क्रिप्टचा आग्रह धरतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंगचा अंदाज बांधावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘क’च्या कळीवरच शिफ्ट धरली की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘त’च्या कळीवर ‘थ’. काना, वेलांटीच्या कळींवर शिफ्ट धरली की ‘आ’, ‘ई’. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या आजींना ही मांडणी नातवापेक्षा लवकर उमगते.

आता पैशांचं. इथं कंट्रोल-झेड नाही. म्हणजे ती पहिल्या दिवसाची भीती खोटी नव्हती, फक्त तिची जागा चुकली होती. ती इथं आणून ठेवायची. यूपीआयचा पिन लागतो तो खात्यातून पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. एवढं पक्कं झालं तरी बरेचसे ठग दारातूनच परत जातील. फसवणूक झालीच, तर लाजेनं गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करायचा, हेही वहीत लिहून द्या.

वर्गात याचीही उजळणी घ्या. रक्कम टाकून पिन विचारणाऱ्या पडद्यापर्यंत जाऊ द्या, नाव मोठ्यानं वाचायला लावा, आणि पिन न टाकता मागे फिरायला सांगा.