फारकतीचा कागद

मंडळी, आज आपण एका कागदाविषयी बोलू. शेताचा सात-बारा आपल्याला ठाऊक आहे. मुलाचा जन्मदाखला ठाऊक आहे. ते कुठे मिळतात हेही आपण जाणतो. पण नवरा-बायकोची फारकत झाली, तर तिचा कागद कुठे मिळतो? असे विचारले की कोणी म्हणते ग्रामपंचायतीत, कोणी म्हणते तहसील कचेरीत, कोणी म्हणते वकिलाला विचारा.

फारकत ही काही आनंदाची गोष्ट नव्हे. म्हणून लोक तिच्याविषयी हळू आवाजात बोलतात. हळू बोलल्याने माहिती दबून राहते. आणि मग नुकसान होते, ते बहुधा बाईचे. म्हणून आज आम्ही हे मोठ्याने सांगणार आहोत. पुरुषांनीही ऐकावे. प्रत्येकाला बहीण आहे, लेक आहे.

कागद कशाला लागतो?

फारकत झालेल्या माणसाला दुसरे लग्न करायचे असले, तर पहिले लग्न कायद्याने सुटल्याचा पुरावा लागतो. पहिले लग्न कायम असताना दुसरे केले, तर ते कायद्याने लग्नच ठरत नाही. वर गुन्हा होतो, तो वेगळाच. रेशनकार्डावरचे नाव वेगळे करताना हा कागद मागतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत फारकत झालेल्या गरीब बाईलाही मदत मिळू शकते. तिथेही हा कागद दाखवावा लागतो. जमिनीची वाटणी असो, की मयत माणसाचा पैसा कुणाला मिळावा हा तंटा असो, कागद असला तर बोलता येते. कागद नसला तर ज्याचा आवाज मोठा, त्याचे खरे होते.

कोणता कागद खरा?

आम्ही मास्तर असल्यामुळे गावातली माणसे आमच्याकडे कागद वाचायला आणत. एकदा एक बाई तिच्या भावाबरोबर आली. आठ दिवसांवर तिचे दुसरे लग्न होते. "गुरुजी, हा माझा फारकतीचा कागद. एकदा बघून घ्या," असे ती म्हणाली. कागद मुद्रांकाचा होता. त्यावर दोघांच्या सह्या होत्या, चार पंचांच्या होत्या, नोटरीचा तांबडा शिक्काही होता. पण त्यात न्यायालयाचे नाव नव्हते. खटल्याचा नंबर नव्हता. न्यायाधीशाची सही नव्हती.

आम्ही तिला सांगितले, "बाई, हे तुम्हा दोघांचे आपसातले लिखाण आहे. न्यायालयाचा हुकूम नव्हे." ती रडली. भाऊ रागावला. लग्न पुढे ढकलावे लागले. मग पहिल्या नवऱ्याने आणि तिने मिळून न्यायालयात राजीखुशीचा अर्ज केला. हुकूम झाला, आणि त्यानंतर लग्न लागले. उशीर झाला खरा, पण तिच्या मुलांकडे आज कोणी बोट दाखवू शकत नाही.

तर मंडळी, हे पक्के ध्यानात ठेवा. हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. या कायद्याने लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नुसत्या सोडचिठ्ठीने नव्हे, नोटरीच्या शिक्क्याने नव्हे. काही जातींत काडीमोडाची जुनी रूढी आहे. तशी रूढी कायद्याने रद्द केलेली नाही. पण तंटा निघाला, तर ही रूढी आमच्यात पूर्वापार आहे आणि ती नीट पाळली, हे सिद्ध करावे लागते. ते सोपे नसते. म्हणून न्यायालयाचा कागद असलेला बरा.

आणखी एक भेद आहे. पोटगीचा हुकूम म्हणजे घटस्फोट नव्हे. नुसते वेगळे राहण्याचा हुकूम म्हणजेही घटस्फोट नव्हे. कागदात घटस्फोट झाला, लग्न संपले, असे स्पष्ट लिहिलेले पाहिजे.

कागद कुठे असतो?

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळेल. घटस्फोटाचा कागद तिथे मिळणार नाही. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी जिल्ह्यासारखा एक विभाग असतो. त्याला काउंटी म्हणतात. तिथल्या कारकुनाकडे अर्ज केला की असा कागद मिळतो. आपल्याकडची रीत सोपी आहे. ज्या न्यायालयाने हुकूम दिला, त्याच न्यायालयात कागद असतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत कुटुंब न्यायालये आहेत. १९८४ सालच्या कायद्याने ती निघाली. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर हे काम बघते.

आता समजा, खटला कोणत्या गावी चालला हेच ठाऊक नाही. असे होते, बरं का. बाई माहेरी असते, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. अशा वेळी चार ठिकाणे मनात धरावीत. पहिले, लग्न जिथे लागले ते ठिकाण. दुसरे, दोघे शेवटी जिथे एकत्र नांदली ते. तिसरे, अर्ज ज्याच्यावर झाला तो माणूस तेव्हा जिथे राहत होता ते. चौथे, अर्ज बायकोने केला असेल तर ती राहत होती ते. चौथी सोय २००३ साली कायद्यात आली. बहुतेक खटले या चारांपैकी एका ठिकाणी सापडतात.

खटला कसा शोधावा?

घरातून निघण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या. नवऱ्याचे पूर्ण नाव. बायकोचे पूर्ण नाव, माहेरचे आणि सासरचे. खटल्याचा नंबर आणि साल. निकालाची तारीख. वकिलाचे नाव. पाचही मिळाल्या तर उत्तम. नंबर नसला तरी नावे आणि साल यांवरून शोध घेता येतो.

घरातले जुने कागद आधी चाळा. न्यायालयाचे समन्स, वकिलाची नोटीस, यांवर खटल्याचा नंबर असतो. अलीकडच्या खटल्यांना सोळा अक्षर-अंकांचा एक मोठा नंबरही असतो. त्याला सीएनआर नंबर म्हणतात. तो मिळाला तर काम झटपट होते.

सरकारचे ई-कोर्ट्स नावाचे संकेतस्थळ आहे, मोबाईलवरही आहे. त्यात नंबराने, नावाने आणि सालाने खटला शोधता येतो. घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकेल. पण नवरा-बायकोच्या खटल्यांतले कागद सगळ्यांना उघडे नसतात. शिवाय जुने खटले तिथे मिळतीलच असे नाही. म्हणून मोबाईलवर दिसले नाही, तर खटलाच झाला नाही असे समजू नये. सरळ न्यायालयात जावे. पुष्कळ न्यायालयांत ई-सेवा केंद्राची खिडकी आहे. तिथे विचारावे. जुने कागद रेकॉर्ड खोलीत असतात. ते शोधायला वेळ लागतो, एवढेच.

अर्ज कसा करावा?

न्यायालयात नक्कल विभाग असतो. तिथे अर्ज द्यायचा. खटल्यातल्या माणसाला स्वतः अर्ज करता येतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्ज असा लिहावा :

मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांचे न्यायालयात, मुक्काम ........
विवाह अर्ज क्रमांक ........ सन ........
अर्जदार ........ सामनेवाले ........
निकालाची तारीख ........
विषय : सही-शिक्क्याची नक्कल मिळण्याबाबत.
विनंती अर्ज असा की, वरील कामात मी अर्जदार (किंवा सामनेवाली) आहे. मला या कामातील निकालपत्राची व हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे आहे. नकलेचा खर्च भरण्यास मी तयार आहे.
तारीख ........ सही ........ पत्ता ........

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात निकालाची कारणे असतात. हुकूमनाम्यात हुकूम थोडक्यात असतो. दोन्ही मागावेत.

अर्जाला कोर्ट फी तिकीट लावावे लागते. नकलेचा खर्च पानांच्या हिशेबाने होतो. किती, ते खिडकीवर विचारावे. पैसे भरले की पावती घ्यावी आणि नक्कल कधी मिळेल ती तारीख लिहून घ्यावी. आवारात कोणी म्हणेल, "मला पैसे द्या, मी कागद काढून देतो." त्याला नमस्कार करावा आणि पुढे चालावे. पावतीशिवाय पैसा नाही, हा नियम धरावा.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. हिंदू विवाह कायद्यातच लिहिले आहे की, घटस्फोट झाला म्हणजे न्यायालयाने हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही फुकट द्यावी. निकाल होईल त्या वेळी ती मागून घ्या. मागाहून आणखी प्रती लागल्या, तर खर्च भरावा लागतो.

काही जण माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात. न्यायालयातील खटल्याच्या नकलेसाठी तो मार्ग नाही. न्यायालयाच्या नियमाप्रमाणेच नक्कल मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे.

तिऱ्हाईत माणसाला असा कागद सहजासहजी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. नवरा-बायकोची भांडणे चव्हाट्यावर येऊ नयेत, असा कायद्याचा हेतू आहे. दुसऱ्याला नक्कल हवी असेल तर त्याने कारण सांगून अर्ज करावा. परवानगी देणे न देणे न्यायालयाच्या हातात असते. म्हणून सोयरीक ठरवताना पहिल्या लग्नाचा कागद त्या स्थळाकडूनच मागून घ्यावा. मागण्यात अपमान नाही. लपवण्यात धोका आहे.

नक्कल हाती आल्यावर

लगेच घडी घालून पिशवीत टाकू नका. तिथेच उभे राहून वाचा. आता आपल्याला वाचता येते ना? न्यायालयाचे नाव आहे का? नंबर बरोबर आहे का? दोघांची नावे नीट आहेत का? घटस्फोट झाल्याचे लिहिले आहे का? कोणत्या तारखेला? खरी नक्कल असे लिहून त्याखाली सही, तारीख आणि न्यायालयाचा शिक्का आहे का? शिक्का नसलेली झेरॉक्स घरी वाचायला ठीक, कचेरीत चालत नाही. नावात चूक असेल तर त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज करावा.

नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. ती खोडू नका, फाडू नका. निकालाविरुद्ध अपील करायचे तर हिंदू विवाह कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे. नक्कल तयार व्हायला जे दिवस लागले, ते त्या मुदतीत धरत नाहीत. हा हिशेब त्या तारखांवरून होतो. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्नही करू नये.

कधी कधी नक्कल काढल्यावर बाईला कळते की, आपल्या माघारी एकतर्फी निकाल झाला आहे. समन्स तिला पोचलेच नव्हते. अशा वेळी घाबरून घरी बसू नये. त्याच आठवड्यात वकिलाला भेटावे. अशा कामात दिवस मोजले जातात.

वकिलाला पैसे नाहीत, म्हणून थांबू नका. १९८७ सालच्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना फुकट वकील मिळतो. तिथे त्यांची मिळकत बघत नाहीत. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण असते. फोनवर विचारायचे तर १५१०० हा नंबर आहे.

मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी बांधवांचे लग्नाचे कायदे वेगळे आहेत. पण त्यांच्यातही घटस्फोट न्यायालयातून झाला असेल, तर नक्कल त्याच न्यायालयात अशाच रीतीने मागायची.

शेवटी एवढेच. नक्कल मिळाली की तिच्या दोन झेरॉक्स काढा. एक माहेरी ठेवा, एक आपल्याजवळ. मूळ नक्कल ट्रंकेत, सात-बाराच्या शेजारी ठेवा. तिचा नंबर आणि साल आपल्या वहीत आपल्या हाताने लिहा. कागद भिजला, उंदराने कुरतडला, तरी वहीतल्या नंबरावरून दुसरी नक्कल काढता येईल. आज घरी गेल्यावर वरचा अर्ज एकदा वहीत उतरवून काढा. ज्यांना गरज नाही त्यांनीही काढा. उद्या शेजारची एखादी बाई विचारायला आली, तर तिला रिकाम्या हाताने परत पाठवायला नको.