बालकांचे मूत्रविकार : शस्त्रक्रियेची योग्य वेळ

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



लसीकरण, कुपोषण, पिण्याचे पाणी या विषयांवर आता ग्रामसभेत मोकळेपणाने चर्चा होते. मुलाचा ओठ दुभंगलेला असला किंवा पाय वाकडा असला, तर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसतो आणि कोणीतरी रुग्णालयाचा रस्ता दाखवितो. परंतु व्यंग लघवीच्या जागी असले की बोलणे थांबते. आई सासूला सांगते, सासू 'मोठेपणी होईल ठीक' असे म्हणते, आणि बापाच्या कानावर ती गोष्ट जाईपर्यंत मूल शाळेत जाऊ लागलेले असते. बालकांच्या मूत्रविकारांवरील शस्त्रक्रिया हे काम तज्ज्ञ डॉक्टरांचे आहे, यात शंका नाही. तथापि या शस्त्रक्रियांचे यश बव्हंशी वेळेवर अवलंबून असते, आणि ती वेळ साधणे हे काम डॉक्टरांच्या हाती नसून मुलाच्या भोवतालच्या माणसांच्या हाती असते.

मूत्रमार्गावरील शस्त्रक्रिया ही आपल्या देशाला नवीन गोष्ट नव्हे. सुश्रुतसंहितेत अश्मरी, म्हणजे मूतखडा, शस्त्राने काढण्याचा विधी सविस्तर वर्णिलेला आहे. मूत्राशयातील खडा हा एके काळी गरीब घरांतील मुलांचा नित्याचा आजार होता. केवळ धान्यावर भागणारा आणि दूध वा अन्य प्रथिने नसलेला आहार हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. आहार सुधारत गेला तसा हा आजार मुलांमध्ये विरळ झाला. आज बालशल्यचिकित्सकांपुढे प्रामुख्याने जे विकार येतात ते जन्मजात असतात. आहाराने ते टळत नाहीत आणि औषधाने बरे होत नाहीत.

त्यांपैकी एक म्हणजे मूत्रमार्गाचे छिद्र शिश्नाच्या टोकाशी नसून खालच्या बाजूस असणे. वैद्यकीय भाषेत याला हायपोस्पेडियास म्हणतात. साधारणतः दर अडीचशे ते तीनशे मुलग्यांमागे एकास हा दोष असतो, म्हणजे तो दुर्मिळ नव्हे. प्रत्येक मोठ्या गावात असे एखादे मूल असण्याचा संभव आहे. अशा मुलाची लघवीची धार पुढे न जाता खाली पडते. कित्येकदा शिश्न खालच्या बाजूस वाकलेले असते. हे मूल बसून लघवी करू लागते, शाळेच्या मुतारीत इतर मुलांबरोबर जाण्याचे टाळते, दिवसभर पाणी पीत नाही, आणि पुढे पुढे शाळाच चुकवू लागते. शिक्षकाच्या हजेरीपटावर त्याची नोंद 'वारंवार गैरहजर' अशी होते.

यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे आणि ती सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करणे इष्ट असते. या वयात जखम लवकर भरते आणि मुलाला त्या प्रसंगाची आठवणही राहत नाही. शिश्नाचा वाक सरळ करून मूत्रमार्ग टोकापर्यंत नव्याने घडविला जातो. नव्या मार्गात सुमारे आठवडाभर नळी ठेवावी लागते. दोष मोठा असल्यास शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करतात. काही मुलांत नव्या मार्गाला बारीक छिद्र पडून तेथून लघवी झिरपते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पालकांना ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी, म्हणजे ते मध्येच निराश होऊन उपचार सोडत नाहीत. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी हात अनुभवी हवा. एक प्रयत्न फसला की पुढील दुरुस्तीसाठी निरोगी कातडी कमी उरते. म्हणूनच जवळचे रुग्णालय सोयीचे वाटले, तरी बालशल्यचिकित्सक जेथे आहे तेथवर जाण्याचे कष्ट सार्थकी लागतात. आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. शिश्नाग्रावरील कातडी या दुरुस्तीत उपयोगी पडते, म्हणून अशा मुलाची सुंता तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय करू नये.

दुसरा दोष याहूनही अधिक आढळतो, आणि त्यात काहीच दुखत नसल्यामुळे तो अधिक काळ दुर्लक्षिला जातो. वृषण गर्भावस्थेत पोटात तयार होतात व जन्मापूर्वी खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांत, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांत शंभरी तीसपर्यंत, जन्मतः एक किंवा दोन्ही वृषण उतरलेले नसतात. पुष्कळांचे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ते उतरण्याची आशा फारशी उरत नाही, आणि 'वयात आल्यावर उतरेल' ही समजूत निखालस चुकीची आहे. पोटातील उष्णता पिशवीपेक्षा दोन-तीन अंश अधिक असते व त्या उष्णतेत वृषणाची हानी वर्षागणिक वाढत जाते. पुढे अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते. अशा वृषणात तरुणपणी कर्करोग होण्याचा धोकाही इतरांपेक्षा अधिक असतो; लवकर शस्त्रक्रिया केल्यास तो कमी होतो. ही शस्त्रक्रिया जांघेत लहानसा छेद घेऊन होते आणि बहुतेक मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही मुलांचे वृषण थंडीने वा भीतीने वर सरकते आणि उबेत खाली येते. त्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही, केवळ अधूनमधून तपासणी पुरते.

हे दोन्ही दोष जन्मल्या दिवशी डोळ्यांनी व हाताने समजतात. त्यासाठी यंत्र लागत नाही. घरोघर बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई असते. तिच्या हाताला ही गोष्ट सर्वांत आधी लागते, पण तिला विचारतो कोण? आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या असतात. त्या भेटीत वजन व ताप पाहताना 'लघवीची धार कशी आहे, दोन्ही गोळ्या हाताला लागतात का' एवढे दोन प्रश्न विचारले गेले, तरी पुष्कळ मुलांची वर्षे वाचतील.

धारेचा प्रश्न मुद्दाम विचारावयाचा, कारण एका विकारात सारा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पातळ पडदे असतात व ते झडपेसारखे लघवी अडवितात. पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एकास हा विकार होतो. अमेरिकन शल्यचिकित्सक ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ साली त्याचे वर्गीकरण केले. बाळाची धार बारीक असते, ते कुंथते, लघवी थेंबथेंब होते, ओटीपोटात ताठर गोळा लागतो, वारंवार ताप येतो, वजन वाढत नाही. अडलेल्या लघवीचा दाब मूत्राशयावर आणि तेथून दोन्ही मूत्रपिंडांवर पडतो. येथे महिन्यांचा नव्हे, दिवसांचा हिशेब असतो. प्रथम नळी घालून लघवीला वाट करून दिली जाते, रक्तातील क्षार सुधारले जातात, आणि मग पोटावर छेद न घेता, मूत्रमार्गातूनच बारीक दुर्बीण घालून ते पडदे छेदले जातात. दुर्बीण जाण्याइतके बाळ मोठे नसेल, तर मूत्राशयाचे तोंड तात्पुरते पोटावर उघडून ठेवतात. हे सारे वेळेवर होऊनही काही मुलांची मूत्रपिंडे पुढे निकामी होतात व डायालिसिस किंवा प्रत्यारोपणाची पाळी येते, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. म्हणून पडदे काढले म्हणजे उपचार संपला असे होत नाही. मूल वयात येईपर्यंत आणि त्यानंतरही ठरावीक मुदतीने रक्त, लघवी व सोनोग्राफीची तपासणी करावी लागते.

अडचण येते ती नेमकी या ठिकाणी. बीड, अहिल्यानगर या भागांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर परततात. तपासणीची तारीख त्या पाच-सहा महिन्यांत आली की मूल उसाच्या फडावर असते आणि कागद गावातील पेटीत असतो. मूल हसतेखेळते दिसते, म्हणून तारीख हुकल्याचे कोणालाच वाईट वाटत नाही. मूत्रपिंड मात्र कुरकुर न करता खराब होत असते. अशा मुलांची नावे उपकेंद्राच्या परिचारिकेकडे व सरपंचाकडे असावीत, आणि हंगामापूर्वी त्यांची तपासणी उरकून घ्यावी. रुग्णालयाला आधी कळविल्यास तारीख मागेपुढे करून मिळू शकते.

गर्भावस्थेतील सोनोग्राफीमुळे आता मूत्रपिंडाची सूज जन्मापूर्वीच दिसते. गर्भाचे लिंग सांगणे हा १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, परंतु मूत्रपिंडाच्या सुजेची नोंद अहवालात असते आणि ती मातेला समजावून सांगितली पाहिजे. बाळंतपण सुखरूप झाले, बाळ गुटगुटीत दिसले, की तो अहवाल विसरला जातो. या सुजेपैकी पुष्कळ सूज वाढत्या वयात आपोआप ओसरते आणि शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. ज्या थोड्या बालकांत मूत्रपिंड व मूत्रवाहिनी यांचा सांधा अरुंद असतो व मूत्रपिंडाचे कार्य घटू लागते, त्यांचा अरुंद भाग काढून नवा सांधा केला जातो. ही पद्धत १९४९ पासून रूढ असून तिचे यश उत्तम आहे. ओसरणारी सूज कोणती आणि वाढणारी कोणती, हे जन्मानंतरच्या तपासणीवाचून कळत नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली मुलींसंबंधी आहे. एखाद्या मुलीचे कपडे सतत ओलसर असतात, तिच्या बाकाला वास येतो, शेजारी कोणी बसत नाही. घरी तिला आळशी म्हणून मारही बसतो. परंतु ही मुलगी इतरांप्रमाणे नेहमीच्या वेळी लघवीला जाऊन येते आणि तरीही दिवसरात्र थेंबथेंब गळते, असे चौकशीत आढळले, तर तो सवयीचा दोष नसून रचनेचा दोष असण्याचा संभव आहे. काही मुलींत एका मूत्रपिंडाला दोन मूत्रवाहिन्या असतात व त्यांतील एक मूत्राशयात न उघडता, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्या खाली उघडते. मुलीने कितीही मन घट्ट केले तरी ती गळती तिला थांबविता येत नाही. मूत्रपिंडाचा तो निकामी झालेला वरचा भाग काढून टाकला, किंवा ती वाहिनी योग्य ठिकाणी जोडली, की वर्षानुवर्षांचा ओलावा थांबतो. केवळ रात्री अंथरूण ओले करणारी मुले निराळी. त्यांतील बहुसंख्य मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही आणि शिक्षा तर मुळीच लागत नाही.

दुसरी गोष्ट तासांची आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला, विशेषतः पहाटे किंवा खेळानंतर, एका बाजूच्या वृषणात एकाएकी असह्य वेदना होतात आणि उलटी होते. वृषणाला पिळा पडून त्याचा रक्तपुरवठा थांबलेला असतो. सहा तासांच्या आत पिळा सोडविला तर वृषण बहुधा वाचते. दिवस उलटल्यावर ते काढून टाकण्याखेरीज सहसा गत्यंतर नसते. मुलगा लाजेपोटी 'पोट दुखते' एवढेच सांगतो. आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाने पोटदुखीची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली, तर ते सहा तास तेथेच संपतात. पोट दुखते म्हणणाऱ्या मोठ्या मुलाला एकांतात नेऊन 'खाली दुखते का' असे विचारावे, आणि उत्तर होकारार्थी आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट पाठवावे.

याउलट, लहान मुलाच्या शिश्नाग्रावरील कातडी मागे सरकत नाही म्हणून काळजी करणारे पालक पुष्कळ भेटतात. तीन-चार वर्षांपर्यंत हे स्वाभाविक असते. ती जबरीने ओढू नये. ओढल्याने जखम होते आणि मग खरोखरीच शस्त्रक्रियेची वेळ येते.

उपचारांची व्यवस्था शासनाने उभी केलेली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांत एकदा जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. मात्र वर्गाच्या एका कोपऱ्यात, चाळीस मुलांच्या देखत, कोणताही मुलगा विजार उतरविणार नाही आणि कोणतीही मुलगी आपली तक्रार सांगणार नाही. पथक येण्याच्या दिवशी मुख्याध्यापकांनी एक खोली, तिला पडदा, आणि मुलींसाठी महिला डॉक्टर व एक शिक्षिका एवढी तजवीज केली पाहिजे. ती नसेल तर तपासणीचे रकाने भरतात, पण त्यांत हे विकार सापडत नाहीत.

शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आरंभ झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना आहे. बालशल्यचिकित्सा व मूत्ररोग शल्यचिकित्सा यांतील ठरलेल्या शस्त्रक्रिया तिच्या अंगीकृत रुग्णालयांत विनामूल्य होतात. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला प्रथम भेटावे. तरीही आईचा बुडणारा रोज, दोघांचे एस.टी.चे भाडे आणि घरी राहिलेल्या भावंडांची सोय ही योजनेच्या कागदात नसते. कुटुंब रुग्णालयाच्या दारातून परत फिरते ते पुष्कळदा यांसाठी, आणि येथे ग्रामपंचायतीला करण्यासारखे बरेच आहे. निघताना बरोबर शिधापत्रिका, मुलाचे व पालकांचे आधार कार्ड, जन्माचा दाखला, पथकाने दिलेली संदर्भचिठ्ठी, आणि आईच्या गरोदरपणातील सोनोग्राफीचा अहवाल असावा. तो जुना अहवाल पुष्कळांना निरुपयोगी वाटतो, पण शल्यचिकित्सक प्रथम तोच मागतात.